नेलपॉलिशवर बारीक बुडबुडे येत होते, ते असे थांबले

माझ्याकडच्या जुन्या बाटल्या एकेक करून लावून बघत होते. गडद मरून लावला की दहा मिनिटांत नखभर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे. फिकट गुलाबीवर ते खपून जातात, मरूनवर नाही. पंखा बंद केला, बेस कोट बदलला, बाटली फ्रिजमध्येही ठेवून झाली. तीनदा पुसून नखं पार रखरखीत झाली, वैताग आला.

चुका दोन होत्या: बाटली खसाखसा हलवणं आणि जाड थर. वरचा पापुद्रा आधी सुकतो, खालून उडणारं द्रावक त्यात अडकतं.

आता घट्ट झालेल्या बाटलीत आधी नेलपॉलिश थिनरचे 2-3 थेंब घालते (रिमूव्हर नको, त्याने पॉलिश बिघडते). बाटली तळहातांत मिनिटभर घोळवायची, 5 मिनिटं उभी ठेवायची. नख रिमूव्हरने पुसून तेलकटपणा काढायचा, मग बेस कोट. ब्रश बाटलीच्या तोंडाशी निथळून पहिला थर इतका पातळ, की खालचं नख दिसावं. दिसतो अगदी पट्टेरी, पण हात आवरायचा! 5 मिनिटांनी दुसरा, तितकाच पातळ. लागलाच तर तिसरा. टॉप कोट आणखी 10 मिनिटांनी.

मरून आता काचेसारखा बसतो.