नॉन-व्होलाटाइल मेमरी वाचणाऱ्या कर्नल ड्रायव्हरचा रिव्ह्यू कसा करावा

समजा, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागासाठी लिनक्सवर चालणारा कंट्रोलर तयार होतोय. बोर्डाचा सिरियल नंबर आणि ताणाच्या सेन्सरचं कॅलिब्रेशन नॉन-व्होलाटाइल मेमरीत, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या जागेत आहे. प्रोसेसरला ही मेमरी ठरावीक पत्त्यावर थेट दिसते. ती वाचणारा ड्रायव्हर (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालणारा कोड) जेमतेम शंभरेक ओळींचा असतो, तरी रिव्ह्यू उरकून टाकू नका. आकडा चुकीचा वाचला गेला तर एरर येईलच असं नाही. सुताला भलताच ताण बसतो आणि सगळे मागाचा दोष शोधत बसतात.

आधी डेटाशीट

कोड उघडण्याआधी डेटाशीटमधून, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकातून, चार गोष्टी लिहून घ्या: मेमरीचा सुरुवातीचा पत्ता, आकार, एका वेळी किती बिट वाचता येतात, आणि वाचण्यासाठी कुठला क्लॉक (चिपला ठोके देणारा सिग्नल) चालू असावा लागतो. बऱ्याच चुका तिसऱ्या मुद्द्यावर सापडतात.

मग वाचणारं फंक्शन

लिनक्स 4.3 (2015) पासून अशा मेमरीसाठी एनव्हीमेम ही चौकट आहे. ड्रायव्हरने ती सोडून स्वतःचं कॅरेक्टर डिव्हाइस (/dev मधली वेगळी फाइल) काढलं असेल, तर पुढचं वाचू नका. आधी चौकट वापरायला सांगा. चौकटीत ड्रायव्हरचं मुख्य काम एवढंच: दिलेल्या ऑफसेटपासून (मेमरीच्या सुरुवातीपासूनचं अंतर) मागितलेले बाइट बफरमध्ये (मागणाऱ्याने दिलेली जागा) आणून देणं.

साधा मेमसीपीवाय (memcpy, मेमरी कॉपी करणारं नेहमीचं फंक्शन) दिसला की पॅच (रिव्ह्यूसाठी आलेला कोडबदल) परत पाठवा. तो अलाइनमेंट (पत्ता वाचनाच्या आकाराच्या पटीत असणं) पाळेलच असं नाही, आणि 64-बिट आर्मवर डिव्हाइस मेमरीचं असं वाचन थेट फॉल्ट देतं. मेमसीपीवाय-फ्रॉम-आयओ (डिव्हाइस मेमरीसाठीचा त्याचा भाऊ) बरा, पण एका वेळी किती बिट वाचायचे हे तोही स्वतःच ठरवतो. डेटाशीट ‘फक्त 32 बिट’ म्हणत असेल तर रीडएलचा (एका वेळी 32 बिट वाचणारं फंक्शन) लूपच हवा, आणि एनव्हीमेमच्या कॉन्फिगमध्ये वर्ड साइझ (एका वाचनाचे बाइट) व स्ट्राइड (ऑफसेट किती बाइटच्या पटीत हवा) दोन्ही 4.

हा लूप बोट ठेवून वाचा. कोणी 6 बाइट मागितले तर दुसरा रीडएल पाचव्यापासून आठव्या बाइटपर्यंत लिहितो, म्हणजे बफरबाहेर दोन बाइट. सिसएफएसमधून (कर्नलची माहिती फाइलरूपात दाखवणारी जागा) वाचताना चौकट मागणी 4 च्या पटीत खाली आणते, पण कर्नलमधल्या दुसऱ्या ड्रायव्हरने थेट वाचलं तर आणत नाही. म्हणून शेवटच्या अपुऱ्या वर्डची सोय लूपमध्येच हवी. शिवाय रीडएल बिग-एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवणाऱ्या) प्रोसेसरवर बाइट उलटे करतो. बफरमध्ये ठेवण्याआधी ते परत लिटल-एंडियन (लहान किमतीचा बाइट आधी) केलेत का, तेही बघा.

प्रोब फंक्शन (डिव्हाइस सापडल्यावर ड्रायव्हर सुरू करणारं)

- डेव्हएम-आयओरिमॅप-रिसोर्सच्या जातकुळीतली फंक्शन (मेमरीचा पत्ता कर्नलला वापरता येईल असा जोडणारी) फसली की नल (रिकामा पॉइंटर) नव्हे, एरर पॉइंटर (आत एरर कोड असलेला) देतात. नलची तपासणी इथे कुचकामी, इज-एर (IS_ERR) ही तपासणी हवी.
- मेमरीचा आकार रिसोर्स-साइझ या फंक्शननेच काढलेला हवा. शेवटच्या पत्त्यातून पहिला वजा केला तर एक बाइट कमी भरतो, कारण शेवटचा पत्ताही मेमरीत धरलेला असतो.
- क्लॉक एनव्हीमेममधल्या नोंदणीच्या आधी चालू व्हायला हवा. बंद क्लॉकवर वाचलं की कित्येक चिप जागच्या जागी गोठतात आणि लॉगमध्ये अक्षरही उमटत नाही.
- कॉन्फिगमध्ये रीड-ओन्ली ‘खरं’ (true) असावं. मेमरीत गुप्त किल्ल्या असतील तर रूट-ओन्लीसुद्धा (फक्त रूट वापरकर्त्यालाच वाचता यावं).

यंत्राकडून तपासणी

स्पार्स (पॉइंटरच्या चुका पकडणारं), चेकपॅच स्ट्रिक्ट (कोडची शैली बघणारं) आणि डीटी बाइंडिंग चेक (हार्डवेअरच्या वर्णनाचा नमुना तपासणारं) ही साधनं चालवा. आयओमेम (डिव्हाइस मेमरीचा) पॉइंटर साध्या पॉइंटरमध्ये मिसळला की स्पार्स ओरडतं. मात्र फोर्स कास्ट (जबरदस्तीने प्रकार बदलणं) टाकून त्याचं तोंड बंद केलेलं नाही ना, हे आपल्यालाच बघावं लागतं.

बोर्डावर

सिसएफएसमधली एनव्हीमेम फाइल हेक्सडंप (बाइट हेक्स आकड्यांत दाखवणारी कमांड) वापरून वाचून सिरियल नंबर बोर्डावरच्या स्टिकरशी जुळवा. शेवटचा वर्ड वेगळा वाचा. मग डीडी या कमांडने 1 या ऑफसेटपासून एकच बाइट मागा: स्ट्राइड 4 असेल तर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ यायलाच हवं, बाइट मिळाला तर कॉन्फिग चुकलंय. शेवटी ड्रायव्हर अनबाइंड करून (डिव्हाइसपासून सोडवून) पुन्हा बाइंड करा आणि तेच वाचन परत घ्या. क्लॉकच्या राहिलेल्या चुका बहुधा इथेच उघड्या पडतात.

शेरा लिहिताना ओळ, कारण आणि डेटाशीटचं पान तिन्ही द्या. ‘हे बरोबर वाटत नाही’ एवढ्यावर पॅच लिहिणाऱ्याला काहीच दुरुस्त करता येत नाही.