चॅटवर डी अँड डी खेळताना फाइटमध्ये कोणाचा नंबर कधी, ते कसं सांभाळायचं

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दोन दिवस आधी आमच्या डी अँड डीच्या ग्रुपमध्ये (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकजण एक पात्र घेतो आणि फासे टाकत गोष्ट पुढे नेतो) एक फाइट सुरू झाली, समोर आठ हॉबगोब्लिन आणि एक ऑगर असे मॉन्स्टर, समोरासमोर बसून खेळलो असतो तर एका संध्याकाळी आटोपली असती. चॅटवर ती दिवाळीचा फराळ संपला तरी तिसऱ्याच राउंडमध्ये होती. आणि कोणी टाळाटाळ करत होतं असं अजिबात नाही. पाच प्लेअर, एक नागपूरच्या धरमपेठेतली, एक मिहानमध्ये नाइट शिफ्टवाला, दोघं पुण्याला नोकरीला गेलेले, एक जर्मनीत शिकून राहिली, आणि मी डीएम, म्हणजे गोष्ट आणि मॉन्स्टर चालवणारा डन्जन मास्टर. ज्याचा टर्न असायचा तो नेमका झोपलेला नाहीतर मीटिंगमध्ये, आणि जे जागे ते नुसते फोन पाहून राहिले. त्यानंतर आम्ही पद्धत बदलली, आता तेवढीच मोठी फाइट आठ-दहा दिवसांत होते, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय.

आधी गणित पाहा. पाचव्या एडिशनमध्ये प्रत्येकजण वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात डेक्स्टेरिटीचा मॉडिफायर (पात्राच्या चपळाईचा आकडा) मिळवतो, आणि मोठ्या आकड्यापासून खाली नंबर लागतात. एक राउंड म्हणजे सगळ्यांचा एकेक टर्न, गोष्टीतले ६ सेकंद. टेबलवर हे झकास चालतं कारण सगळे समोर असतात. चॅटवर एकेकाला २४ तास दिले तर पाच प्लेअरचा एक राउंड पाच दिवसांचा, चार राउंड म्हणजे वीस दिवस, त्यात डीएमचा वेळ धरलेलाच नाही. म्हणजे वेळ जातो तो फासे टाकण्यात नाही, एकाच माणसाची वाट पाहण्यात जातो. म्हणून रांग अशी लावायची की कोणत्याही वेळी एकापेक्षा जास्त लोकांना पोस्ट टाकता आली पाहिजे.

आमच्या त्या फाइटचे आकडे असे होते: रोग २१, मंक १७, हॉबगोब्लिन १४, फायटर १२, क्लेरिक ९, ऑगर ६, विझार्ड ४ (रोग म्हणजे लपूनछपून लढणारा; रोग, मंक, फायटर, क्लेरिक, विझार्ड ही आमच्या पाच जणांची पात्रं). आठही हॉबगोब्लिनसाठी एकच रोल, एकसारख्या मॉन्स्टरना एकत्र टाकायचं हे नियमातच आहे, वेगवेगळे टाकत बसू नका. आता मॉन्स्टरच्या मधले प्लेअर एका गठ्ठ्यात धरा. रोग आणि मंक एक गठ्ठा, फायटर आणि क्लेरिक दुसरा. विझार्ड शेवटी एकटाच दिसतो, पण त्याच्यानंतर पुढच्या राउंडचे रोग आणि मंकच येतात न, मधे कोणी मॉन्स्टर नाही, म्हणजे पहिल्या राउंडनंतर विझार्ड, रोग आणि मंक हा तिघांचा एकच गठ्ठा झाला. पाच जणांसाठी पाच वेळा थांबायचं होतं तिथे आता एका राउंडला दोनदाच थांबायचं. वीस दिवसांचे आठ-नऊ झाले, आणि कोणाचा आकडा फुकट गेला नाही.

गठ्ठ्याच्या आत जो आधी पोस्ट टाकेल त्याचा टर्न आधी. रात्री दोनला मिहानवाल्याने टाकलं तर त्याचं आधी, त्यात काही बिघडत नाही. फक्त एक जागा सांभाळा. मंकचा स्टनिंग स्ट्राइक (शत्रूला सुन्न करणारा फटका) २०१४ च्या नियमांत मंकच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत टिकतो, आणि पुढच्या राउंडला मंकनेच आधी पोस्ट टाकली तर ऑगर मोकळा होतो आणि रोगला मिळणारा फायदा जातो. यावर आमच्याकडे एकदा चांगलंच वाजलं. तेव्हापासून असा नियम केला की गठ्ठ्यातल्या कोणाच्याही टर्नला संपणारी गोष्ट पूर्ण गठ्ठा झाल्यावरच संपते. हे फाइटच्या आधी ठरवून घ्या, मधे ठरवायला गेलं की कोणाला तरी वाटतंच की आपल्याविरुद्ध निर्णय दिला.

सगळे प्लेअर एकदा, मग सगळे मॉन्स्टर एकदा, अशीही पद्धत आहे, २०१४ च्या डीएम गाइडमध्ये पर्याय म्हणून दिली आहे. सोपी आहे पण मला पटत नाही, पाच जण मिळून मॉन्स्टर हलायच्या आधीच साफ करतात, आणि ज्याने डेक्स्टेरिटीवर मेहनत घेतली त्याला काय मिळालं मग.

आता पोस्ट कशी लिहायची, कारण अर्धा उशीर तिथेच होतो. "मी हल्ला करतो" एवढं लिहून सोडलं की डीएम विचारणार कोणावर, मग तो तीन तासांनी सांगणार, मग कळणार की तो हॉबगोब्लिन आधीच मेला. आमच्या रोगवालीची पोस्ट पाहा, मी नवीन लोकांना हीच दाखवतो: "खांबाआडून ३ नंबरच्या हॉबगोब्लिनवर तीर, फायटर त्याच्याशी भिडलेला आहे म्हणून स्नीक अटॅक. ३ आधीच पडला असेल तर ५, त्याच्याशीही आपलं कोणीतरी भिडलेलं आहे. टू हिट २२, डॅमेज ७, स्नीक ११. मग बोनस अॅक्शनने परत खांबाआड, लपायचा रोल १९." टू हिट म्हणजे नेम लागला का त्याचा आकडा, डॅमेज म्हणजे किती मार, आणि स्नीक म्हणजे आपलं कोणी भिडलेलं असलं की मिळणारा जादा मार. फासे आधीच टाकलेले, 'नाही जमलं तर काय' तेही लिहिलेलं, डीएमला एक प्रश्न विचारायची गरज नाही.

रिअॅक्शनचं दुखणं वेगळं, ती दुसऱ्याच्या टर्नमध्ये मधेच करायची कृती. शील्ड स्पेल मार लागल्यावर टाकायचा असतो, एसी (मार लागायला हल्ल्याचा निदान एवढा आकडा लागतो) पाचने वाढतो, मग काय दर फटक्याला थांबून विचारणार का "ताई, शील्ड टाकता का"? त्यापेक्षा फाइट सुरू होतानाच प्रत्येकाकडून कायमची सूचना लिहून घ्या. आमच्या विझार्डचा एसी १२, तर तिची सूचना: हल्ल्याचा एकूण आकडा १२ ते १६ आला तर शील्ड, १७ किंवा त्याहून जास्त असेल तर स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) वाया घालवू नका. फायटरची: माझ्यापासून कोणीही पळालं की ऑपॉर्च्युनिटी अटॅक, न विचारता. काउंटरस्पेलसाठी (दुसऱ्याचा स्पेल मोडणारा स्पेल) मात्र मी थांबतो, जास्तीत जास्त सहा तास, कारण तिथे खरंच विचार करावासा वाटतो.

कोणी २४ तासांत आलंच नाही तर त्याचं पात्र डॉज घेतं, म्हणजे त्याच्यावरचे हल्ले डिसअॅडव्हान्टेजने (दोन फासे टाकून छोटा आकडा धरायचा), आणि गाडी पुढे. सलग दोनदा झालं तर बाजूच्या प्लेअरने चालवायचं, पण लिमिटेड स्पेल आणि पोशन त्याने वापरायचे नाहीत. परीक्षा, लग्न, घरी कोणी आजारी, असं असेल तर आधी एक ओळ टाका, कोणी कारण विचारत नाही. तान्ह्या पोळ्याला भाच्याचा लाकडी नंदी सजवायचा होता म्हणून आमचा फायटर दोन दिवस गायब होता, आणि त्याने सांगितलं असतं तर आम्ही तेव्हाच डॉज टाकून पुढे गेलो असतो, उगाच दिवस वाया गेले.

नकाशा नसेल तर जागा तीन-चार भागांत तोडा. मी रामटेकच्या पायऱ्या डोळ्यासमोर ठेवून ती जागा बनवली होती: पायथा, मधला चौथरा, वरचं दार. एका भागातून बाजूच्या भागात जायला एक मूव्हमेंट. फूट मोजत बसायचं नाही.

प्रत्येक राउंडच्या शेवटी डीएमने एकच स्टेटस पोस्ट टाकायची, दरवेळी त्याच क्रमाने, आणि ती पिन करायची. त्यात आत्ता कोणाचा गठ्ठा आणि किती वाजेपर्यंत, कोण कोणत्या भागात, कोणाचे किती हिट पॉइंट, आणि काय काय चालू आहे. "ब्लेस, क्लेरिकचं कन्सन्ट्रेशन, १० पैकी ३ रा राउंड" असं, म्हणजे ब्लेस हा स्पेल क्लेरिक लक्ष लावून टिकवून आहे. वेळ नेहमी भारतातली लिहा, जर्मनीवाली तिची ती बदलून घेते. डिस्कॉर्डवर अव्रे नावाचा बॉट आहे, तो इनिशिएटिव्हची, म्हणजे कोणाचा नंबर कधी त्याची यादी, हिट पॉइंट आणि इफेक्ट छान सांभाळतो, पण पुढचा टर्न काढला की साधारणपणे ज्याचा नंबर त्यालाच टॅग करतो. म्हणून हिशोब त्याच्याकडे ठेवा आणि गठ्ठ्यातल्या सगळ्यांना डीएमने स्वतः टॅग करावं.

आणि निकाल लागला की फाइट थांबवा. त्या दिवाळीत ऑगर पडला होता, दोन हॉबगोब्लिन उरले होते, तरी मी नियमाप्रमाणे अजून एक राउंड खेळवला आणि त्यात नऊ दिवस गेले. आता मी सरळ विचारतो, "दोघं हत्यार टाकून पायऱ्या उतरून पळतात, कोणाला अडवायचं आहे का?" बारा तासांत कोणी हो म्हटलं नाही तर पुढची पोस्ट लुटीची.