वर्गातला उजेड मोजायचा असेल तर एचडीआर फोटो आधी कॅलिब्रेट करा

झेडपी शाळेच्या वर्गात पाहा, दुपारी खिडकीजवळच्या पोरांच्या वहीवर नुसती चकाकी अन् मागच्या कोपऱ्यातल्यांना फळ्यावरचं धड दिसत नाही. लक्समीटर जिथं ठेवला तिथं किती उजेड पडून राहिला तेवढंच सांगते, कुठली भिंत डोळ्याला किती उजळ दिसते ते नाही. ते एचडीआर फोटोतून, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे बरेच फोटो जोडून केलेल्या एका फोटोतून काढता येते, पण कॅलिब्रेट केला तरच, म्हणजे त्यातले आकडे खऱ्या मापाशी जुळवून घेतले तरच.

मोबाइलचा एचडीआर मोड इथं कामाचा नाही भाऊ, तो फोटो छान दिसावा म्हणून आकडेच बदलवून टाकते. मॅन्युअलवाला कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा, आयएसओ 100, अ‍ॅपर्चर एफ 5.6, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, फोकस मॅन्युअल, अन् मग यातल्या कशालाच हात लावू नका, बदलवायचा तो फक्त शटर स्पीड. खिडकीबाहेरचं आभाळही पांढरं फट्ट होणार नाही इतक्या काळ्या फोटोपासून सुरू करा अन् दोन-दोन स्टॉपनं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) कोपऱ्यातला अंधार उघडा पडेपर्यंत या. पटापट काढा, पावसाळ्यात मधेच ढग आला की सगळा सेट वाया जाते, म्हणून दिवाळीनंतरचं निरभ्र आभाळ बरं. हे फोटो जोडायला ग्रेग वॉर्डचं एचडीआरजेन हे सॉफ्टवेअर वापरा, कॅमेऱ्याचा रिस्पॉन्स कर्व्ह, म्हणजे किती उजेडाला कॅमेरा किती आकडा देते ते, ते फोटोंवरूनच काढते.

आता मुख्य काम. उजळता थेट मोजणारा ल्युमिनन्स मीटर फार महाग, पण 18 टक्केवालं मॅट ग्रे कार्ड (पडलेल्या उजेडातला 18 टक्के परत फेकणारं, न चकाकणारं करडं कार्ड) अन् लक्समीटर असला तरी भागते. कार्ड फ्रेमच्या मधोमध, उन्हाचा कवडसा पडणार नाही असं टेकवा, फोटो काढताकाढताच मीटरचा सेन्सर कार्डाला चिकटवून, कार्डाचं तोंड जिकडं तिकडंच करून रीडिंग घ्या, अन् स्वतःची सावली पडू देऊ नका. समजा 600 लक्स आले, तर 600 × 0.18 ÷ 3.14 म्हणजे कार्डाची उजळता साधारण 34.4 कॅन्डेला प्रति चौरस मीटर. एचडीआरमध्ये कार्डावरच्या पिक्सेलची सरासरी 43 दाखवत असेल तर 34.4 ÷ 43 = 0.8, अख्ख्या फोटोला 0.8 नं गुणा.

फ्रेमच्या कडेला लेन्समुळं उजेड कमी दिसतो, फिशआयला (खूप रुंद दिसणाऱ्या गोलसर लेन्सला) तर खूपच. म्हणून तेच कार्ड त्याच उजेडात ठेवून कॅमेरा थोडाथोडा फिरवत कार्ड मधून कडेपर्यंत न्या अन् कुठं किती घट येते ते लिहून ठेवा, मग फोटोतले कडेचे आकडे त्या हिशेबानं वाढवा, अ‍ॅपर्चर बदललं की ही घटही बदलते. शेवटी दुसरं कार्ड अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून पडताळा, तिथं आकडा जुळला नाही तर त्या फोटोवरून खिडकीला पडदा लावायचा का भिंतीला चुना, हे ठरवू नका, सेट परत काढा.