जुनी होडी घेताय? या चुका टाळा

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस काय काय करतो, ते मी लहानपणापासून पाहतोय. आधी जबडा उघडून दात बघतो. खूर उचलून बघतो, पायांवरून हात फिरवतो, मग रपेट मारायला लावतो. गोंडे आणि झूल यांच्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. तीच आपल्याकडची माणसं किनारपट्टीवर जुनी फायबरची होडी घ्यायला जातात, तेव्हा निळा-पांढरा चकचकीत रंग बघून अर्ध्या तासात इसार देऊन मोकळी होतात.

तापीकाठी बावीस वर्षं मी होड्या दुरुस्त करतोय. फायबर लावतो, मोटरी खोलतो. हतनूर धरणापासून उकाई धरणाच्या फुगवट्यापर्यंतच्या होड्या माझ्याकडे येतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा डहाणू, उंबरगाव, वलसाडकडून जुन्या घेतलेल्या असतात. समुद्रात किनाऱ्याजवळ आणि खाडीच्या तोंडाशी जाळी टाकणाऱ्या, सोळा ते वीस फुटांच्या. तिकडचा मालक मोठी नाव घेतो आणि लहान विकायला काढतो. हा व्यवहार वाईट नाही. नीट बघून घेतलेली होडी धरणावर पुढची दहा-पंधरा वर्षं पोट भरते. पण दरवर्षी त्याच चुका घेऊन माणसं माझ्या दारात उभी राहतात, तोवर पैसे गेलेले असतात, आणि ते पैसे बहुतेक वेळा उसनवारीचे असतात.

रंगावर जाणं

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून ठेवतात, डागडुजी होते, रंग लागतो. विकायच्या होड्याही याच दिवसांत विकल्या जातात. आपली माणसंही नेमकी तेव्हाच जातात, कारण धरणात नवं पाणी यायच्या आत होडी दारात हवी असते. म्हणजे तुम्हाला दिसते ती कोरडी, पुट्टी भरलेली, ताज्या रंगातली होडी. मालक फसवतोच असं नाही, रंग तो दरवर्षी लावतोच. पण त्या रंगाखाली काय आहे ते तुम्हाला दिसत नाही.

मी एप्रिल-मेमध्ये जातो. होडी कामावर असते, पाण्यातून नुकतीच आलेली असते, अंगावर जुना रंग आणि ओरखडे असतात. तळावर फोड आलेले असतील तर ते ओले असतानाच नीट दिसतात. फायबरच्या थरात पाणी शिरलं की जेलकोटखाली, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत बाहेरच्या थराखाली, असे फोड धरतात. टोचला तर आतलं पाणी व्हिनेगरसारखं आंबट वासाचं निघतं. दोन महिने उन्हात पडलेल्या होडीचे हेच फोड बसतात आणि रंगाखाली दडतात. शिवाय गोड्या पाण्यात हे फोड खाऱ्या पाण्यापेक्षा लवकर वाढतात. समुद्रावर दुखणं अंगात घेऊन चाललेली होडी धरणात आल्यावर दोन वर्षांत बोलायला लागते.

फोड तरी घासून, वाळवून दुरुस्त होतात. माणसाला बुडवते ती मागची फळी, म्हणजे ट्रान्सम.

माझ्या भाच्याचीच गोष्ट आहे. मी त्याला म्हटलं होतं, आठ दिवस थांब, घरातलं लग्न उरकलं की सोबत येतो. तो थांबला नाही. दोन मित्रांना घेऊन गेला आणि अठरा फुटी होडी, पंधरा हॉर्सपॉवरच्या मोटरसकट, सव्वा लाखाला घेऊन आला. विसरवाडीवरून नंदुरबारकडे वळल्यावर त्याने मला फोन केला. दारात टेम्पो लागला तेव्हा त्याचा चेहरा फुललेला होता. "मामा, दखा ना, कितली चमकी ऱ्हायनी!"

मी हातोडीच्या लाकडी मुठीने मागच्या फळीवर ठोकलं. वर टणटण, खाली भदभद. डाव्या बाजूला आवाज पार मेलेला. मी म्हटलं, हिच्यावर मोटर लावू नको, फळी आतून गेलीये, पंधरा दिवस माझ्याकडे ठेव. त्याला पंधरा दिवस जास्त वाटले. कुणीतरी सांगितलं की आतून-बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा लावून बोल्ट आवळले की काम होतं. त्याने ते एका दुपारात केलं.

तिसऱ्या आठवड्यात सारंगखेड्याच्या बॅरेजच्या वरच्या पाण्यात जाळं ओढून परत येताना त्याने मोटर एकदम वाढवली आणि फळी पत्र्यासकट फाटली. चाळीस किलोच्या आसपासची मोटर मागे लोंबकळली, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उचलली गेली आणि मागून पाणी आत आलं. होडीत तिघं होते. एकाला पोहता येत नव्हतं. तिघंही नाळेकडे सरकले म्हणून मागची बाजू थोडी वर आली, आणि बांबूने रेटत त्यांनी काठ गाठला. मला फोन आला तेव्हा त्याचा आवाज कापत होता. "मामा, मांगनी फळी तुटनी." त्या पोराच्या आईला, माझ्या बहिणीला, मी आजही ही गोष्ट पूर्ण सांगितलेली नाही.

ही फळी का कुजते ते समजून घ्या. बाहेरून फायबर दिसतं, पण आत प्लायवुड असतं. दोन्ही अंगांनी फायबरचा थर आणि मध्ये लाकूड. मोटरचं सगळं वजन आणि सगळा रेटा या एकाच फळीवर येतो. मोटरच्या बोल्टची भोकं, पाणी काढायच्या बुचाचं भोक, हुक लावायला मारलेले स्क्रू, या प्रत्येक ठिकाणाहून पाणी आत जातं. आणि लाकूड खाऱ्या पाण्याने कुजतं त्याहून जास्त पावसाच्या साचलेल्या पाण्याने कुजतं, कारण मीठ बुरशीला रोखतं. म्हणून चार पावसाळे उघड्यावर पडून राहिलेली, "फारशी वापरलेली नाही" म्हणून विकली जाणारी होडी मला कामावरच्या होडीपेक्षा जास्त संशयास्पद वाटते.

बघायचं कसं? आधी ठोकून. पूर्ण फळीवर वीत-वीत अंतराने, कान लावून. मग मोटर लावलेली असेल तर ती वर उचलून अडकवा आणि तिच्या खालच्या पायावर, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या भागावर, हाताने जोर द्या. दुसऱ्या माणसाला फळीकडे बघायला सांगा. फळी किंचितही हलली, वाकली किंवा करकरली तर व्यवहार थांबवा. शेवटी आतल्या बाजूचा, सगळ्यात खालचा एक स्क्रू काढायला सांगा. भोकातून तपकिरी पाणी किंवा भिजलेला भुसा आला तर उत्तर मिळालं. स्क्रू काढू देत नाही म्हणणाऱ्या मालकाला मी राम राम करून परत येतो, पुढचं ऐकत नाही.

फळी बदलता येते. आतला फायबरचा थर कापायचा, कुजलेलं लाकूड शेवटच्या तुकड्यापर्यंत काढायचं, आतली बाजू पूर्ण वाळवायची आणि आयएस ७१० छापाचं मरीन प्लाय रेझिनमध्ये (फायबरच्या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) बसवून वरून ४५० ग्रॅमच्या मॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या कापडाचे, थर द्यायचे. नंतर मारलेलं प्रत्येक भोक आतून रेझिनने बंद करायचं. पावसाळी दमट हवेत हे काम मी घेत नाही. खर्च आधीच धरून किंमत पाडून घेतली तर कुजलेल्या फळीची होडीही परवडते. न बघता घेतली तर नाही.

हे काम स्वतः करू पाहणाऱ्यांना एक गोष्ट हात जोडून सांगतो. रेझिन घट्ट व्हायला त्यात कोबाल्ट आणि हार्डनर दोन्ही लागतात, पण ते एकमेकांत थेट कधीही ओतू नका. भडका उडतो, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवणारी घाईची माणसं मला माहीत आहेत. त्यांचं फायबर तापून तडकतं.

गरम मोटर बघणं

तुम्ही पोचता आणि मालक एका झटक्यात ओबीएम (होडीच्या मागे लावायची मोटर) चालू करून दाखवतो. तुम्ही खूश. पण ती तुम्ही यायच्या आधीच अर्धा तास चालवलेली असू शकते. पोचल्याबरोबर मी तळहात मोटरच्या डोक्यावर ठेवतो. कोमट लागली तर चहा घेतो, होडी बघतो, गावात फेरी मारतो, आणि पूर्ण गार झाल्यावर दोरी ओढायला सांगतो. गार मोटरच खरं बोलते.

चालू झाल्यावर मागे बघा. थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार सतत पडली पाहिजे. धार तुटक किंवा गायब असेल तर इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणारी रबरी चक्री, गेला असेल, नाहीतर आतल्या वाटा मिठाने बुजल्या असतील. इम्पेलर स्वस्त आहे, मिठाने खाल्लेलं डोकं महाग. रोज काम संपल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात मोटर धुवायची सवय मालकाला आहे का, हे मी त्याला विचारत नाही. त्याच्या अंगणात पिंप आहे का ते बघतो.

मग खालच्या पायाचा गिअर ऑइलचा स्क्रू थोडा सैल करा. तेल दुधासारखं पांढरं निघालं तर सील गेलंय आणि आत पाणी शिरतंय. ज्याच्याकडे कॉम्प्रेशन गेज (सिलेंडरमधला दाब मोजायचं यंत्र) आहे त्याने दोन्ही सिलेंडर मोजावेत, दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर किंमत बदलते.

पायाची लांबीही बघा. आखूड पाय साधारण १५ इंची, लांब पाय २० इंची. उंच फळीवर आखूड पाय लावला तर पंखा हवा ओढतो, आणि बुटक्या फळीवर लांब पाय लावला तर तो आपल्या धरणात बुंध्यांना धडकतो. समुद्रावरच्या मोटरला जस्ताचे तुकडे लावलेले असतात, गंजाने आधी स्वतः मरायला. गोड्या पाण्यात त्यांच्यावर थर चढतो आणि ते काम करणं सोडतात. इथे मॅग्नेशियमचे लावून घ्या.

मोटरला साखळी बांधल्याशिवाय मी कुणाचीही होडी पाण्यात सोडत नाही. भाच्याच्या होडीला ती नव्हती, आणि मोटर तापीत गेली नाही ती फक्त पेट्रोलच्या नळीने आणि एका बोल्टने धरून ठेवली म्हणून.

समुद्राची होडी, धरणाचं पाणी

लाट कापायला समुद्रावरच्या होडीचा तळ खोल आणि टोकदार असतो. हतनूरच्या गाळात किंवा उन्हाळ्यात उकाईचा फुगवटा मागे सरकल्यावर उरणाऱ्या चिखलात असा तळ रुततो, आणि मग चौघे कमरेइतक्या गाळात उतरून ढकलत बसतात. सपाट किंवा उथळ तळाची बघा. नर्मदेच्या बाजूला, अक्कलकुवा-धडगावकडच्या सरदार सरोवराच्या पाण्यात मात्र खोली भरपूर आणि वारा जोराचा. तिथे टोकदार तळ चांगला. पाणी कोणतं ते आधी ठरवा, होडी नंतर.

वाळूवर वर्षानुवर्षं ओढलेल्या होडीचा कणा झिजलेला असतो. खाली झोपून बोट फिरवा. फायबरचे धागे लागले तर तिथे थर चढवावा लागेल. आणि गोडं पाणी हलकं असल्यामुळे तीच होडी तेवढ्याच वजनाला इथे थोडी जास्त बसते. समुद्रात हजार किलोची होडी साधारण ९७५ लिटर पाणी बाजूला सारते, तापीत हजार. कडेला चार बोटं जागा ठेवून माल भरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बाकीच्या चुका, थोडक्यात

बैठकीखालच्या पेट्यांत फोम भरलेला असतो, तो पाणी पिऊन जड होतो. होडी उचलून बघा, आकाराच्या मानाने फार जड वाटली तर पेटी उघडायला लावा.

धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तुम्ही सभासद आहात का, जाळं टाकायची परवानगी आहे का, हे आधी. होडी दारात आणून मग संस्थेत चकरा मारणारे मी पाहिलेत.

समुद्रातल्या यांत्रिक होडीला आयएनडीने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, नाळेवर रंगवलेला. कागदावरचा आणि नाळेवरचा ताडून बघा, विकणाऱ्याचंच नाव आहे का ते बघा, आणि बँकेचा बोजा किंवा अनुदानाची अट शिल्लक नाही हे लेखी घ्या.

सोबत फुकट दिलेली जाळी आणि लाइफ जॅकेट किमतीत धरू नका. समुद्राच्या जाळ्याची आस, म्हणजे भोकांचा आकार, आपल्या रोहू-कटल्याला जमेलच असं नाही. जॅकेट पाण्यात टाकून माणूस तरंगतो का ते बघा, नाहीतर नवी घ्या.

टेम्पोत होडी दोन टायरांवर टेकवून आणू नका. मधला भाग लोंबतो आणि खड्ड्यांनी तळाला भेग जाते. मी गवताच्या पेंढ्या किंवा भाताच्या तुसाची पोती कण्याखाली सलग रचतो आणि पट्टे कडेवरून न आवळता होडीच्या अंगाला कापड गुंडाळून आवळतो.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी जाळं टाकायला जाऊ नका. मी होडी काठाला बांधून रात्रभर रिकामी पाण्यात सोडतो, आतून आधी फडक्याने कोरडी पुसून. सकाळी ओल कुठून सुरू झालीये ते खडूने आखतो, तिला वर ओढतो, वाळवतो, त्या जागी मॅट लावतो आणि परत एक रात्र पाण्यात ठेवतो. दुसऱ्या सकाळी फडकं कोरडं निघालं की मग मोटर चढवतो, साखळी लावतो आणि एकटाच काठाकाठाने एक फेरी मारून येतो.