मुद्रितशोधनाचा धंदा वाढवायचाय? आधी या चुका टाळा

मागच्या आठवड्यात एक मुलगा घरी आला. नोकरी सोडून घरी बसून प्रुफं तपासायची म्हणतो. "काकू, महिन्याला किती सुटतात?" हा त्याचा पहिला प्रश्न. मग त्याने कार्ड पुढे केलं. जाड चकचकीत कागद, सोनेरी अक्षरं आणि मधोमध 'मुद्रीतशोधन व संपादन'. 'द्री' दीर्घ. पाचशे कार्डं छापून झाली होती. मी त्याला चहा दिला.

इंदूरच्या खजुरी बाजाराजवळच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांची प्रुफं वाचण्यापासून माझी सुरुवात झाली. आता पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांच्या फायली मेलवर येतात, इंदूरच्या मंडळांच्या स्मरणिका येतात आणि निवृत्तीनंतर आयुष्य लिहून काढणारी मंडळी येतात. दरवर्षी तीन-चार नवे लोक 'हे काम कसं वाढवायचं' म्हणून विचारायला येतात आणि चुका मात्र त्याच त्या करतात. त्यातल्या दोन मी स्वतः केल्या आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल जरा जास्त बोलणार आहे.

'जरा नजर टाकून द्या' ला हो म्हणणं

आमच्याकडे काम असंच येतं. "जास्त काही नाही हो, जरा नजर टाकून द्या." याला नुसतं "हो" म्हटलंत की फसलात. मुद्रितशोधन म्हणजे जुळणीतल्या चुका, ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, गळलेली ओळ, चुकलेला पानक्रमांक. संपादन म्हणजे वाक्यरचना, पुनरुक्ती, प्रकरणांचा क्रम. आणि पुनर्लेखन हे तिसरंच काम. तिन्हींना लागणारा वेळ वेगळा, म्हणून दरही वेगळा. गिऱ्हाइकाला पहिल्याचे पैसे द्यायचे असतात आणि तिसरं हवं असतं. कधी कधी उलटंही होतं, त्याला हवं पहिलंच असतं आणि आपण तिसरं करून ठेवतो. माझं तसंच झालं.

सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी २८० पानांचं आत्मकथन आणून दिलं. नजर टाकायला. दर ठरला प्रुफांचा. मी तेव्हा नवी, हात शिवशिवत होते. दोन महिने बसून मी त्यांचं एकूण एक वाक्य घासूनपुसून लख्ख केलं. ट्रॅक चेंजेस, म्हणजे केलेला प्रत्येक बदल फायलीत दिसत ठेवणारी सोय, लावायचं तर डोक्यातही आलं नाही. काका गठ्ठा घेऊन परत आले, समोर बसले, एक पान काढलं आणि मोठ्यांदा वाचलं : "मी येतेच आहे, दोन मिनिटे थांब."

"ताई, हे कोण बोलतंय?"

"तुमची आई."

"माझी आई 'मी येऊन राहिलेय ना, दोन मिनटं थांब' असं म्हणायची. ही माझी आई नाही. ही कोणी सदाशिव पेठेतली बाई आहे."

मी मूळ कागद काढून बघितले. खरंच होतं. इंदूरच्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या हिंदी कानावर पडत आलीय, ती बोलण्यात उतरणारच. लेखकाच्या निवेदनात 'मला लागलं की तो येणार नाही' असं आलं तर तिथे मी आजही 'वाटलं' करीन. पण आईच्या तोंडचं वाक्य आईचं असतं, तिथे माझ्या पेनाचं काही काम नाही. सगळे संवाद मूळ प्रतीशी ताडून हाताने परत घालायला दोन आठवडे गेले. त्याचा एक पैसा मिळाला नाही, आणि मागायला तोंडही नव्हतं.

तेव्हापासून मी पहिली पाच पानं करून दाखवते, फुकट. ती बघून काय हवंय ते लेखकाने सांगायचं. मग व्हॉट्सॲपवर तीन ओळी पाठवते : मी काय करीन, काय करणार नाही, किती फेऱ्या वाचीन. त्यावर अंगठा चालत नाही, 'हो' असं शब्दांत लिहा म्हणते. काही जण चिडतात. चिडणाऱ्यांतले बरेचसे पुढे पैशालाही चिडणारेच निघतात, तेव्हा ते आधीच कळलेलं बरं. ट्रॅक चेंजेस तर आता फाइल उघडल्या उघडल्या लावते, चष्मा नंतर.

रिप्लेस ऑल

या बटणावर माझा राग आहे, आणि तो कमावलेला आहे.

इंदुरात मराठी मजकूर बहुधा हिंदी टंकलेखकाच्या हातून जुळून येतो. त्याच्या बोटांना 'ळ' ची सवय नसते. 'बाळ' चं 'बाल', 'वेळ' ची 'वेल', 'काळ' चं 'काल'. यातला प्रत्येक शब्द मराठीत आहेच, त्यामुळे संगणक खाली लाल रेघ मारत नाही. 'ऱ्य' चंही तसंच. सह्याद्रीच्या दऱ्यांचा 'दर्या' झालेला मी किती वेळा पाहिलाय. त्यात फाइल कृतिदेव या जुन्या फॉन्टमधून आताच्या युनिकोडमध्ये आणलेली असेल तर रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात आणि पहिल्या वेलांट्या भलतीकडे चिकटतात.

तर एका मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका. रात्रीचा एक, सकाळी फाइल छापखान्यात जायची. एका लेखात 'पेशव्यांचा काल', 'कठीण काल', 'काल बदलला' असं पानोपानी. मी शहाणीने 'काल' च्या जागी 'काळ' दिला आणि रिप्लेस ऑल दाबलं. संगणकाने किती ठिकाणी बदललं तो आकडा दाखवला. मी तो वाचलादेखील नाही, ओके केलं आणि झोपले.

बदल त्या एका लेखात नव्हे, सगळ्या फायलीत झाला होता. 'कालांतराने' चं 'काळांतराने'. 'कालवा' चा 'काळवा'. अध्यक्षांच्या मनोगतात 'काल रात्री' ची 'काळ रात्री'. आणि उज्जैनच्या एका निवृत्त गुरुजींनी कालिदास समारोहावर प्रेमाने लिहिलेल्या लेखात, शीर्षकासकट सगळीकडे, 'काळिदास'. गुरुजी समारंभाला हजर होते. त्यांनी तो लेख व्यासपीठावरून वाचून दाखवला, छापलाय तसा, एकही अक्षर न बदलता. हॉल हसत होता. मी तिसऱ्या रांगेत होते.

शुद्धिपत्राची चिठ्ठी माझ्या खर्चाने छापली आणि प्रत्येक प्रतीत स्वतः घातली. ते मंडळ आजही मला काम देतं, पण शीर्षकं तेवढी त्यांचे सचिव स्वतः वाचतात.

आता मी फाइंड नेक्स्ट करत एकेक जागा बघते. तीनशे जागा असल्या तर तीनशे. "यात वेळ जातो" असं म्हणणाऱ्या नव्या मुलांना मी सांगते, बाबा, वेळ जाण्याचेच तर पैसे मिळतात. शिवाय प्रत्येक पुस्तकासाठी एक वही असते. या पुस्तकात 'इंदूर' की 'इंदौर', 'व्हॉट्सॲप' की 'व्हाट्सअप', आकडे मराठी की इंग्रजी, 'अहिल्याबाई' की 'अहल्याबाई'. पहिल्यांदा शब्द आला की पानक्रमांकासह नोंद करायची. दोनशेव्या पानावर आठवणीवर विसंबणं हा निव्वळ आळस.

बाकीच्या, थोडक्यात

शुद्धलेखनाचे नियम न वाचता बसणं. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली ४ वाढले, एकूण १८. एका दुपारी वाचून होतात. 'कवी' दीर्घ पण 'कविमन' ऱ्हस्व, 'दूध' पण 'दुधाला', हे ज्याला अडखळत सांगावं लागतं त्याने अजून कार्ड छापू नये. आणि हिंदीतली 'कि' मराठीत नाही. मराठीत 'की' दीर्घच.

सॉफ्टवेअरवर किंवा एआयवर फाइल टाकून परत पाठवणं. 'माझी शिक्षा इंदूरला झाली' हे वाक्य शुद्धलेखनाच्या तपासणीत पास होतं, लेखकाला हिंदीतली 'शिक्षा', म्हणजे शिक्षण, म्हणायचं असलं तरी. त्यातून दुसऱ्याचं अप्रकाशित हस्तलिखित त्याला न विचारता असं कुठेही चढवणं मला तरी पटत नाही.

पानावर दर लावणं. लोक दहा पॉइंटात ओळी चिकटवून शंभर पानांची साठ करतात. शब्द मोजा. मी ३०० शब्दांचं एक पान धरते.

फक्त पडद्यावर वाचणं. शेवटचं वाचन मी कागदावर करते, ओळीखाली फूटपट्टी ठेवून, हिरव्या शाईने. लाल शाईने लेखक घाबरतात. शीर्षकं, फोटोओळी आणि मुखपृष्ठ वेगळं, दुसऱ्या दिवशी. फोन नंबर लावून बघते.

सगळी अंडी दिवाळी अंकांच्या टोपलीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात झोप मिळत नाही आणि डिसेंबरात फोन वाजत नाही. पुस्तकांची कामं मी मुद्दाम नोव्हेंबरनंतरची घेते.

पैशांचं

ओळखीत कसला ॲडव्हान्स, असं म्हणायचं नाही. ओळखीतच घ्यायचा. मी निम्मे आधी घेते आणि अंतिम फाइल पैसे आल्यावर देते. प्रकाशकाने १० टक्के टीडीएस, म्हणजे बिलातूनच आयकर, कापला तर तो आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या नावावर दिसतोय ना ते बघा, आयकर विवरणपत्रात तो तुमच्या खात्यावर जमा धरता येतो. छोटा उद्योग म्हणून सरकारकडे करायची 'उद्यम' नोंदणी मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. ती असली की २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या, कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत बिल चुकतं व्हायला हवं. मी कुणावर दावा लावलेला नाही. पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ टाकायला लागल्यापासून "पुढच्या महिन्यात बघू" हे वाक्य पुष्कळ कमी ऐकू येतं.