प्रो कन्सोल घ्यायचाय? आधी मोजायची टेप काढा

दिवाळी जवळ आली की ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेमचा कन्सोल) विकून त्याचाच महागडा भाऊ प्रो घेऊ का, चित्र शार्प दिसेल ना. माझं उत्तर ठरलेलं आहे, आधी घरातली टेप काढा. जिथे बसून खेळता तिथून टीव्हीपर्यंत किती फूट भरतात ते मोजा आणि टीव्हीच्या इंचांना ८ ने भागा. ४३ इंचीला साधारण साडेपाच फूट येतात, ५५ ला सात. त्याच्याहून लांब बसत असाल तर धडधाकट डोळ्यांनाही १०८०पी (फुल एचडी) आणि ४के (त्याच्या चौपट ठिपक्यांचं चित्र) मधला फरक जवळपास कळत नाही, मग डबा कितीही महागडा आणा. यात आपल्या मुंबईच्या घरांचा फायदाच आहे बरं का, दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफा-बिफा टाकून टीव्ही सहा-सात फुटांवरच येतो, म्हणजे ५५ इंचीवर ४के वसूल होतं. डोळे फुटतील म्हणून आई ओरडते ते वेगळं.

टीव्हीच १०८०पी असेल तर विषय संपला, आधी टीव्ही बदला.

आता सेटिंग, आणि इथे माझाच पोपट झालेला. आधीच्या पिढीचा पीएस४ प्रो घेतला, मित्रांना बोलावून मिरवला, आणि सात-आठ महिन्यांनी कळलं की टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट (कन्सोलची केबल लावायची जागा) जुन्या फॉरमॅटवरच होता, एचडीआर (उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणारी सोय) कधी चालूच झालं नव्हतं! तर टीव्हीच्या मेन्यूत जाऊन ज्या पोर्टला कन्सोल लावलाय तो 'एन्हान्स्ड' करा (प्रत्येक कंपनी याला वेगळं नाव देते), गेम मोड लावा (बटण दाबल्यावर चित्राला होणारा उशीर कमी होतो), आणि शार्पनेस वाढवू नका, उलट कमी करा, कारण त्याने डिटेल वाढत नाही, नुसत्या कडांना पांढरी रेघ येते. केबल जुन्या सेट टॉप बॉक्सची नको, एचडीएमआय १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झला (सेकंदाला ३० चित्रं) जातं, ६० ला २.० लागतं आणि १२० ला २.१. मग पीएस५ च्या 'स्क्रीन अँड व्हिडिओ' मध्ये काय सिग्नल जातोय ते बघून घ्या.

एवढं करूनही मन भरलं नाही तर मग प्रो. पण त्यात नक्की काय मिळतं ते समजून घ्या. साध्या पीएस५ वर परफॉर्मन्स मोड (बारकाव्यांपेक्षा वेगाला महत्त्व देणारं सेटिंग) लावला की बरेच गेम आतून ४के पेक्षा बरंच कमी रेझोल्यूशन काढतात आणि ताणून मोठं करतात, म्हणून लांबची झाडं, केस, जाळीचं कुंपण वगैरे लुकलुकतं. प्रो मध्ये जीपीयूची (चित्र काढणाऱ्या चिपची) कंप्यूट युनिट्स ६७ टक्के जास्त आहेत, वर पीएसएसआर नावाचं एआय अपस्केलिंग (लहान चित्र एआयने साफ करून मोठं करणं), त्यामुळे सेकंदाला ६० फ्रेम ठेवून चित्र बरंच साफ येतं. मात्र गेमला प्रोचा पॅच (प्रोसाठी काढलेला अपडेट) हवा, नाहीतर फरक थोडाच पडतो. म्हणून आधी तुमच्या आवडीच्या चार गेमना पॅच आहे का बघा. दिवसभर क्रिकेट आणि फुटबॉलचेच गेम खेळत असाल तर माझ्या मते पैसे वाया.

अजून एक, प्रो मध्ये डिस्क ड्राइव्ह नसतो, वेगळा घ्यावा लागतो, जुन्या डिस्कवाल्यांनी तो खर्चही धरा. नोव्हेंबर २०२४ ला प्रो आला तेव्हा ६ गिगाहर्ट्झ वायफायच्या नियमामुळे (ती लहर तेव्हा आपल्याकडे खुली नव्हती) तो मिळणाऱ्या देशांच्या यादीत भारत नव्हता, त्यामुळे लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) कोणी इम्पोर्टेड पीस दाखवला तर भाव करायच्या आधी बिल आणि वॉरंटी कोण देणार ते विचारा, आणि दुकानातच चालू करून बघा.