चोर्ल्याच्या चढावर गाडी तापली तर

गोव्याहून बेळगावकडे चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना स्पीडइतकंच टेंपरेचरच्या काट्यावरही लक्ष असू द्या. काटा मधल्या खुणेवरून वर सरकू लागला की एसी बंद, हीटर फुल आणि काचा खाली. हीटरमुळे इंजिनची थोडी उष्णता आत ओढली जाते. तुम्हाला घाम फुटेल, पण इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, वाचेल. मोठ्या गिअरमध्ये गाडी रेटू नका, एक गिअर खाली घ्या.

काटा लालपर्यंत गेला किंवा वाफ दिसली, तर वळण सोडून रुंद जागी थांबा. हॅझर्ड लाइट, हँडब्रेक, चाकामागे दगड, इंजिन बंद. निदान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही वर तापलेलं असतं. झाकण फिरवलं की उसळून तोंडावर येतं. बाटलीतलं गार पाणी तापल्या इंजिनवर ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

गार झाल्यावर जाड फडकं धरून झाकण हळूहळू सोडा. कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) नसेल तर साधं पाणी चालेल, तेही थोडं थोडं. घरी पोचल्यावर पुन्हा कूलंट भरा. मग होज, बेल्ट, फॅनचा फ्यूज बघा. ऊस हंगामात ट्रॉल्यांमागे फिरलेल्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीत पाचट आणि धूळ हमखास अडकते.

डिपस्टिकवर, म्हणजे इंजिन ऑइल तपासायच्या पट्टीवर, तेल दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं असं समजा. स्टार्टर मारू नका, टोइंग बोलवा.